पीएचडीला पगार असतो का? फेलोशिप, अनुदान आणि कार्यशाळांचा हिशेब

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कोल्हापूरचे आमदार सतेज पाटील यांनी विधान परिषदेत मराठा-कुणबी समाजांसाठीच्या ‘सारथी’ या राज्याच्या संस्थेच्या फेलोशिपचा विषय काढला. संशोधक विद्यार्थ्यांच्या जागांवर मर्यादा का घातली, असा मुद्दा होता. पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार आहेत, अशा अर्थाचा उलट सवाल तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी केला आणि राज्यभर गदारोळ उठला. चार दिवस चर्चा झाली, निषेध झाले, मीम फिरले. एवढं होऊनही फेलोशिप म्हणजे नक्की काय, ती कोणाला मिळते आणि कशासाठी, हे बहुतेक घरांत कळलंच नाही.

करवीर, कागल, शिरोळ, कुठल्याही तालुक्यात जा, विद्यापीठात शिकणाऱ्या पोराच्या घरी एक प्रश्न ठरलेला असतो. “पीएचडीला महिन्याला चाळीस हजार पगार असतोय म्हणं, मग ह्यो अजून घरातनं पैसे का मागतोय?” प्रश्न रास्त आहे. त्यातला ‘पगार’ चुकला आहे, ‘चाळीस हजार’ अर्धवट बरोबर आहे, आणि ‘घरातनं पैसे’ ही गोष्ट पूर्ण खरी आहे.

शिवाजी विद्यापीठात आणि त्याच्या कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांत एमए, एमएस्सी, एमकॉम किंवा पीएचडी करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. माझं म्हणणं एवढंच: पैसा आहे, पण तो एका दारातून येत नाही. बरीच मुलं गुणांमुळे मागे पडत नाहीत. ती दार बंद झाल्यावर पोचतात.

## आधी चार शब्द

शिष्यवृत्ती म्हणजे शिकण्याच्या खर्चाला मदत: फी, वसतिगृह, जेवण. ती बहुतेक वेळा उत्पन्न, प्रवर्ग आणि गुण पाहून मिळते. ‘महाडीबीटी’ पोर्टलवर आपण जे अर्ज भरतो ते मुख्यतः याचे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता ही नावं त्यातलीच.

फेलोशिप म्हणजे संशोधन करण्यासाठी मिळणारं मासिक मानधन. तुम्ही पूर्णवेळ संशोधन करावं, पोटासाठी दुसरीकडे राबायला लागू नये, म्हणून ती असते. हा पगार नव्हे. त्यात भविष्यनिर्वाह निधी नसतो, वेतनवाढ नसते, आणि मुदत संपली की दुसऱ्या दिवशी काहीही नसतं. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त असते, ही त्यातली जमेची बाजू.

आकस्मिक अनुदान, ज्याला विद्यापीठात सगळे ‘कंटिन्जन्सी’ म्हणतात, ते पुस्तकं, रसायनं, झेरॉक्स, क्षेत्रभेटी यांच्यासाठी वर्षाला वेगळं मिळतं. ते खर्चाची बिलं दाखवून घ्यायचं असतं.

चौथं प्रवास किंवा प्रकल्प अनुदान. एखाद्या परिषदेला जाण्यासाठी किंवा ठरावीक कामासाठी एकदाच मिळणारे पैसे.

या चारही गोष्टींना घरी ‘स्कॉलरशिप’ हा एकच शब्द वापरला जातो, आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

## मोठा पैसा कुठे आहे?

सगळ्यात मोठं दार नेटचं, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचं. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, ही परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि २०१८ च्या डिसेंबरपासून एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था ती घेते. तीन तासांत दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. यात वरच्या गुणांवर आलेल्यांना जेआरएफ मिळते, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप. जानेवारी २०२३ पासून तिचा दर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढची तीन वर्षं महिना ४२,००० रुपये असा आहे. घरभाडं शहराच्या वर्गाप्रमाणे वेगळं.

पाच वर्षांचा हिशेब मांडू. २४ महिने गुणिले ३७,००० म्हणजे ८ लाख ८८ हजार. ३६ महिने गुणिले ४२,००० म्हणजे १५ लाख १२ हजार. बेरीज बरोबर २४ लाख. घरभाडं आणि कंटिन्जन्सी धरलेली नाही. एका परीक्षेवर एवढी रक्कम अवलंबून असते. तरीही एमएच्या दुसऱ्या वर्षापर्यंत नेटचा पहिला पेपर कसा असतो हे न पाहिलेले विद्यार्थी वर्गात निम्मे सापडतात.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. सेट आणि नेट एकच, असं धरून काही जण सेट पास झाल्यावर फेलोशिपची वाट बघत बसतात. सेट ही आपल्या राज्याची, सहायक प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा आहे. तिच्यातून फेलोशिप मिळत नाही. नेटमध्येही जून २०२४ पासून तीन पायऱ्या आहेत: जेआरएफसह पात्र, प्राध्यापकपद आणि पीएचडी प्रवेशासाठी पात्र, आणि फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र. ‘नेट निघाली’ असं कोणी सांगितलं तर पेढा खाण्याआधी कुठली पायरी ते विचारावं. महिना ३७ हजार फक्त पहिल्या पायरीवर आहेत.

वयाची अटही आहे. जेआरएफसाठी खुल्या प्रवर्गाला ३० वर्षं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेयर ओबीसी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना पाच वर्षांची सवलत. दोन-तीन वर्षं एमपीएससीत घालवून मग पीएचडीकडे वळणाऱ्यांनी हा आकडा आधी तपासावा.

विज्ञानवाल्यांना आणखी दारं आहेत. विज्ञान विषयांसाठीची वेगळी सीएसआयआर-नेट परीक्षा आहे. विद्यापीठात विज्ञानाच्या विषयात पदव्युत्तर परीक्षेत पहिला आलेल्याला केंद्राच्या ‘इन्स्पायर’ फेलोशिपसाठी अर्ज करता येतो, आणि हे अनेक पहिल्या क्रमांकवाल्यांना सुवर्णपदक गळ्यात पडल्यावरही माहीत नसतं. गेट ही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन एमटेकला गेलेल्यांना महिना १२,४०० रुपये मिळतात. समाजशास्त्रं, अर्थशास्त्र, इतिहास यांच्यासाठी आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेची डॉक्टोरल फेलोशिप आहे. आई-वडिलांची एकुलती एक मुलगी असेल तर यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप पाहावी.

## राज्याच्या संस्था: बार्टी, सारथी, महाज्योती

नेटमध्ये जेआरएफ हुकली म्हणजे संपलं असं नाही. महाराष्ट्रात प्रवर्गनिहाय स्वायत्त संस्था आहेत. अनुसूचित जातींसाठी पुण्याची ‘बार्टी’, मराठा आणि कुणबी समाजांसाठी पुण्याचीच ‘सारथी’, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची ‘महाज्योती’, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘टीआरटीआय’. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांसाठी ‘अमृत’ ही संस्था नंतर आली. सारथीचं उपकेंद्र २०२१ पासून कोल्हापुरातच, राजाराम कॉलेजच्या आवारात आहे, म्हणजे चौकशीला पुण्याची एसटी पकडायची गरज नाही.

पहिल्या तिन्ही संस्था पीएचडीच्या विद्यार्थ्यांना साधारण जेआरएफच्या धर्तीवर फेलोशिप देतात. भांडण आहे ते जागांवरून आणि निवडीवरून. पूर्वी पात्र अर्जदारांची संख्या आणि मंजूर जागा यांत फार अंतर नव्हतं. मग जागा ठरवल्या गेल्या, चाळणी परीक्षा आली, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेवरून वाद झाले आणि मुलं रस्त्यावर बसली. जागा किती असाव्यात यावर मतभेद असू शकतात. पण संशोधनासाठी प्रवेश घेतल्यानंतर अधेमधे नियम बदलणं चूकच. मुलगा हिशेब करूनच नोकरी सोडून आलेला असतो.

या संस्थांची जाहिरात ठरलेल्या महिन्यात निघेल असा भरवसा ठेवू नये. शिवाय बहुतेक जाहिरातींत ‘अमुक तारखेपूर्वी पीएचडीची नोंदणी झालेली असावी’ अशी अट असते. सगळं अडतं ते इथेच. प्रवेश परीक्षा पास, गाईड मिळाला, कोर्सवर्क सुरू, पण विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीची, म्हणजे आरआरसीची, बैठक झालेली नाही, म्हणून नोंदणीचं पत्र नाही. पत्र नाही म्हणून अर्ज नाही. त्यामुळे सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, सादर करायला लावलेला एकेक आठवडा शेवटी पैशांत मोजला जातो.

## मंजूर झाली, मग पैसे कुठे आहेत?

घरच्यांना पडलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आपल्याकडच्या वाचकाला ते उसावरून पटकन कळेल.

रानात ऊस उभा आहे म्हणून कारखाना पैसे देत नाही. आधी लागणीची नोंद लागते. मग तोडीची पाळी यायची, मग गाडी काट्यावर जायची, मग बिल, आणि तेही हप्त्याहप्त्यानं. फेलोशिपचा प्रवास असाच आहे. पीएचडीची नोंदणी ही लागणीची नोंद. निवडपत्र म्हणजे तोड आली. दर महिन्याची हजेरी आणि सहामाही प्रगती अहवाल म्हणजे वजनकाटा. फरक एवढाच की उसाचं बिल चौदा दिवसांत द्यावं असा कायदा आहे आणि उशीर झाला तर व्याज मागता येतं. फेलोशिपच्या हप्त्याला तसा कायदा नाही.

आत काय घडतं ते जवळून पाहू. यूजीसीच्या फेलोशिपमध्ये विद्यार्थी आधी विभागात रुजू होतो. रुजू अहवाल, निवडपत्र, नोंदणीचं पत्र, बँकेचा तपशील असं सगळं विद्यापीठाकडे जातं. विद्यापीठात पोर्टलवर दोन माणसं काम करतात. एक माहिती भरतो, तो ‘मेकर’. दुसरा तपासून मान्य करतो, तो ‘चेकर’. दोघांपैकी एक रजेवर गेला की फाइल तिथेच. मान्यता झाल्यावरही विद्यार्थी हजर आहे हे दर महिन्याला कळवावं लागतं. त्यानंतर पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट येतात.

अडतं कुठे, तर फार साध्या जागी. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर लग्नानंतरचं दुसरं. बँकेचं विलीनीकरण झालं आणि आयएफएससी कोड बदलला. आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं, तेही आईबरोबरच्या जुन्या संयुक्त खात्याला. गाईड परगावी, म्हणून महिन्याचा अहवाल सहीविना पडून. यातली एकही गोष्ट संशोधनाशी संबंधित नाही, पण त्यामुळे तीन-चार हप्ते सहज लटकतात. निवड व्हायच्या आधीच नावाचं राजपत्र, आधार आणि बँक हे तिन्ही एका ओळीत आणून ठेवावं.

राज्याच्या संस्थांत वरून निधी आला की पैसे सुटतात, त्यामुळे कित्येकदा काही महिन्यांची रक्कम एकदम येते. एकदम आलेले दोन लाख घरी दिसले की ‘हा श्रीमंत झाला’ असं वाटतं. ते खरं तर मागच्या सहा महिन्यांच्या उधारीचे असतात.

माझ्या मते या व्यवस्थेचा मूळ दोष हाच. फेलोशिप गरिबाला टिकवण्यासाठी आहे, पण ती हातात पडेपर्यंत टिकायला आधी पैसे लागतात. म्हणून पहिल्या सहा महिन्यांच्या खर्चाची वेगळी सोय करूनच पूर्णवेळ पीएचडीत उतरावं. विद्यापीठाची कमवा व शिका योजना, वसतिगृह, कोल्हापुरातली समाजनिहाय बोर्डिंगं, गावाकडचा एखादा तासिका तत्त्वावरचा वर्ग, यांपैकी जे जमेल ते आधी बघावं. फेलोशिप सुरू झाल्यावर मात्र पगाराची नोकरी चालत नाही.

दोन वर्षांनी आणखी एक काटा येतो. ३७ हजारांवरून ४२ हजारांवर जाताना समितीपुढे कामाचं सादरीकरण करावं लागतं, त्यात बाहेरचा तज्ज्ञ असतो. ही बैठक आपोआप लागत नाही. विद्यार्थ्यानंच विभागाच्या मागे लागून ती लावून घ्यायची असते.

## एमए-एमएस्सीला असताना काय करता येतं?

पीएचडीचा अर्ज भरताना समोरचा विचारतो, आतापर्यंत काय केलंस? त्याचं उत्तर एमएच्या दोन वर्षांत तयार व्हावं लागतं, आणि त्यासाठी कार्यक्रम असतात. ‘कार्यशाळा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि दुपारचं जेवण येतं. तशाही असतात. पण कामाच्याही असतात.

पहिलं नाव ‘आविष्कार’. राज्यातल्या विद्यापीठांची ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा. महाविद्यालय-जिल्हा पातळीवरून विद्यापीठ, तिथून राज्य. मानव्यविद्या-भाषा-ललितकला, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, मूलभूत विज्ञान, शेती-पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, वैद्यक-औषधनिर्माण असे सहा विभाग, आणि पदवी, पदव्युत्तर, संशोधक असे वेगळे गट. पोस्टर करायचं आणि परीक्षकांपुढे उभं राहून पाच मिनिटांत सांगायचं. मला ही स्पर्धा आवडते ती बक्षिसासाठी नव्हे. अनोळखी माणसानं ‘बरं, पण हे तू मोजलंस कसं?’ असं विचारल्यावर घामाघूम होण्याचा अनुभव वर्गात मिळत नाही. तो पीएचडीच्या मुलाखतीत पहिल्यांदा येण्यापेक्षा इथे आलेला बरा.

विज्ञानवाल्यांसाठी देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिने एखाद्या मोठ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञाकडे काम, वर विद्यावेतन. अर्ज साधारण आदल्या हिवाळ्यात असतो, म्हणजे मे महिन्यात जाग आली तर उपयोग नाही.

समाजशास्त्रांसाठी आयसीएसएसआरच्या मदतीनं ठिकठिकाणी संशोधन पद्धतीचे दहा दिवसांचे अभ्यासक्रम होतात. नमुना निवड, प्रश्नावली, मुलाखत, आकडेवारीचं सॉफ्टवेअर असं सगळं शिकवतात. हे मुख्यतः पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि दहा दिवस सलग बसलात तर कोर्सवर्कच्या अर्ध्या वर्षाचं काम होतं.

बाहेर जाणं जमत नसेल तर ‘स्वयम्’ आणि ‘एनपीटीईएल’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर अभ्यासक्रम फुकट आहेत. पैसे लागतात ते फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. आणि १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झाल्यानं सरकारी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना ३० मोठ्या प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं वाचता येतात. पूर्वी एकेका लेखासाठी परदेशातल्या मित्राला मेल करावा लागे. आता बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जाऊन आपल्या लॉगिनची चौकशी केली की काम होतं.

## अर्जात लिहायचं काय?

यावर कोणी फार बोलत नाही, आणि निवड इथेच ठरते. आपल्याकडे विषय फार मोठे असतात. एक नेहमीचं उदाहरण: ‘पंचगंगा नदीच्या प्रदूषणाचा अभ्यास’. हा विषय नव्हे, हे वर्तमानपत्राचं शीर्षक झालं. समितीतला माणूस हे वाचून पुढचा अर्ज उचलतो.

हेच असं लिहून बघा: ‘प्रयाग चिखली ते नरसोबावाडी या पट्ट्यात सहा ठिकाणी, फेब्रुवारी ते मे या काळात दर पंधरा दिवसांनी पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजणे, आणि इचलकरंजीच्या वरच्या व खालच्या ठिकाणांची तुलना करणे.’ आता वाचणाऱ्याला दिसतं की या मुलाला नदी कुठून सुरू होते आणि कुठे कृष्णेला मिळते हे माहीत आहे, उन्हाळ्यात प्रवाह कमी होतो म्हणून हे महिने निवडलेत, आणि कामाला शेवट आहे. खर्चाचा तक्ताही आपोआप तयार होतो. सहा ठिकाणं, चार महिने, महिन्यातून दोनदा, म्हणजे ४८ नमुने. एका नमुन्याला रसायनं किती, पेट्रोल किती, बाटल्या किती. ‘प्रवास: ५०,००० रुपये’ असं ठोकून दिलेलं आणि असं मोजून आलेलं, यातला फरक पैसे देणाऱ्याला लगेच कळतो.

मानव्यविद्येतही हेच. ‘कोल्हापुरी चपलेचा सामाजिक-आर्थिक अभ्यास’ म्हटलं तर कोण काय करणार? चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं तशीच चप्पल दाखवल्याच्या वादानं ती जगभर गाजली. मग प्रश्न असा विचारता येतो: सुभाषनगर-जवाहरनगरातल्या कारागिराला एका जोडामागे मिळणारी मजुरी मानांकनानंतर बदलली का, आणि शेजारच्या कर्नाटकातल्या कारागिराच्या तुलनेत ती कशी आहे? दोन राज्यं, एक वस्तू, एक मोजता येणारी गोष्ट. असा विषय कोल्हापुरात बसूनच सुचतो, दिल्लीत नाही. स्थानिक असणं हा आपला कमीपणा आहे असं मानून मुलं दूरचे, पुस्तकी विषय घेतात आणि हातातली बाजी घालवतात.

## परिषदा आणि प्रमाणपत्रांचा बाजार

व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक ‘आंतरराष्ट्रीय परिषद’ येते. २,००० रुपये भरा, पेपर वाचा, प्रमाणपत्र घ्या, पेपर छापूनही मिळेल. कशी ओळखायची? एकाच परिषदेत अभियांत्रिकीपासून योगापर्यंत सगळे विषय असले, पेपर पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘स्वीकारला’ असा मेल आला, कोणीही एक शब्द दुरुस्त करायला सांगितला नाही, आणि पैसे मात्र आजच भरा म्हणाले, तर दूर राहावं. ‘बेस्ट रिसर्चर अवॉर्ड’ पैसे भरून मिळत असेल तर त्याबद्दल बोलायलाच नको.

हा बाजार वाढला त्याला नियमही जबाबदार होते. प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे अशी यूजीसीची अट होती, ती २०२२ च्या नियमावलीत निघाली. चांगल्या नियतकालिकांची ‘यूजीसी-केअर’ यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर आली. विद्यार्थ्यानं एकच करावं: ज्या नियतकालिकांतले लेख आपण खरोखर वाचतो आणि संदर्भात देतो, तिथेच आपला लेख पाठवावा.

चांगल्या परिषदेला जाण्यासाठी अनुदान मिळतं, त्याचं सूत्र जवळपास सगळीकडे सारखं. आधी पेपर स्वीकारल्याचं पत्र, मग काही आठवडे आधी अर्ज, मग स्वतःच्या खिशातून तिकीट, आणि परत आल्यावर बिलं. केंद्राच्या विज्ञान विभागातल्या एसईआरबी या संशोधनाला निधी देणाऱ्या मंडळाकडे परदेश प्रवासासाठी अशी योजना होती. २०२३ च्या कायद्यानं एसईआरबीची जागा एएनआरएफनं घेतली आहे, तेव्हा आता चौकशी तिथे. बोर्डिंग पास, महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट, नोंदणी शुल्काची पावती, काहीही टाकू नये. फोटो काढून मेलवर ठेवावं.

परदेशी शिकायचं असेल तर वाटा वेगळ्या आहेत, इथे फक्त नावं देतो. भारतात पीएचडी करत असताना सहा ते नऊ महिने अमेरिकेत काम करण्यासाठी फुलब्राइट-नेहरू. ब्रिटनमध्ये एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी चीव्हनिंग, त्याला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. जर्मनीसाठी डाडच्या (DAAD) शिष्यवृत्त्या. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एन्डोमेंटची मदत कर्जरूप आहे, फेडावी लागते. या सगळ्यांना किमान वर्षभर आधी तयारी लागते.

## “वशिल्याशिवाय काही होत नाही”

नेट-जेआरएफ ही संगणकावरची परीक्षा आहे, तिथे ओळख चालत नाही. मुलाखतीच्या ठिकाणी मात्र ओळखीचा उपयोग होतो, हे नाकारून काय उपयोग? फक्त ओळख म्हणजे आमदाराची चिठ्ठी नव्हे. गेल्या वर्षीच्या कार्यशाळेत तुम्ही दोन नेमके प्रश्न विचारलेत आणि तो प्राध्यापक या वर्षी समितीत आहे, ही ओळख. ती कमावता येते, आणि कार्यक्रमांना जाण्याचं खरं कारण तेच आहे.

## “माझं इंग्रजी कच्चं आहे”

अडचण खरी आहे. भाषांचे विषय सोडले तर नेटचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो. एमएच्या पहिल्या वर्षापासून आठवड्याला आपल्या विषयातला एक इंग्रजी लेख वाचून त्याचा अर्धा पान मराठी गोषवारा लिहिला, तर दोन वर्षांत विषयाची परिभाषा हाताखाली येते. स्पोकन इंग्लिशच्या क्लासनं ते होत नाही.

## “लोकांच्या कराचा पैसा कशाला?”

दसरा चौकातून फिरताना दिसणारी बोर्डिंगं संस्थानच्या आणि समाजाच्या पैशातून उभी राहिली. पहिलं, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०१ मध्ये. शाहू महाराजांनी तेव्हा जमिनी आणि वर्षासनं दिली ती याच विचारानं. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. प्रत्येक फेलोशिपमागे आंबेडकर घडत नाही, हे उघड आहे. म्हणून हिशेब मागावा: प्रबंध वेळेत झाला का, प्रबंधांच्या ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहावर टाकला का, त्यात नवं काय आहे? हा हिशेब मागण्याची सोय नियमांत आहेच. पीएचडीची मुदत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं आहे. महिलांना आणि दिव्यांगांना दोन वर्षं वाढवून मिळतात, बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. लग्न ठरलं म्हणून पीएचडी सोडणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या सासरला हे कोणी सांगत नाही.

## “मधेच नोकरी लागली तर?”

लागली तर घ्यावी, विशेषतः कायमची असेल तर. फेलोशिप रुजू होण्याच्या तारखेपासून थांबते आणि त्यानंतरचा हप्ता खात्यावर आला असेल तर परत करावा लागतो. म्हणून राजीनाम्याचं पत्र विभाग, विद्यापीठ आणि फेलोशिप देणारी संस्था अशा तिन्ही ठिकाणी त्याच आठवड्यात द्यावं आणि पोच घ्यावी. पीएचडी मात्र सोडावी लागत नाही. नव्या नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत प्रमाणपत्र आणलं तर २०२२ च्या नियमावलीप्रमाणे ती अर्धवेळ चालू ठेवता येते. हे प्रमाणपत्र रुजू होतानाच मागावं. वर्षभरानं मागायला गेलं की साहेब बदललेले असतात.